सात नंबरच्या बाटलीतलं बटर: छडा लागला!

मंडळी, सापडलं एकदाचं! आपल्या घरगुती बिअरच्या स्वॅपमधल्या (आपसातल्या अदलाबदलीतल्या) सात नंबरच्या बाटलीत ती पॉपकॉर्नच्या बटरची चव कुठून आली त्याचा छडा लागलाय आणि इतका आनंद झालाय की बाकीच्या बाटल्यांचं नंतर लिहितो, आधी हेच.

स्वॅपचे नियम माहितीच आहेत तुम्हाला, यंदाही तेच. सगळ्या बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, झाकणावर काळा रंग, चिठ्ठ्या टाकून नंबर, ज्यांना ब्रू करायला वेळ नाही त्यांनी दुकानातली हॉलिडे बिअर आणायची. पोस्टाने बिअर पाठवता येत नाही म्हणून सगळ्यांनी थँक्सगिव्हिंगनंतर पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनच्या काकांच्या गॅरेजमध्ये येऊन आपापला क्रेट न्यायचा. मग डिसेंबरच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकच नंबर उघडायचा, ग्रुपवर आधी आपला अंदाज टाकायचा (स्टाइल, एबीव्ही म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, कडवटपणा आणि सुगंध देणारी हॉपची फुलं कोणती, कोणाची असेल) आणि रात्री नऊला ज्याची त्याने कबुली द्यायची.

तर सात नंबर. मी ओपनर लावला आणि अर्धी बाटली सिंकमध्ये! फेस थांबेचना. उरली ती ग्लासात घेतली, वरून मस्त संत्र्याची साल, आंबा, आणि त्याच्या खालून थिएटरमधल्या पॉपकॉर्नचं बटर, जिभेवर तेलकट बुळबुळीत. डायअ‍ॅसिटिल, म्हणजे बिअरला बटरचा वास देणारं रसायन, शंकाच नाही. ग्रुपवर टाकलं तर व्हँकुव्हरवाली ताई म्हणते माझी पण उसळली आणि बटर आहे, आणि काका म्हणतात अरे काय बोलताय तुम्ही, यंदाच्या स्वॅपमधली सगळ्यात स्वच्छ पेल एल आहे ही! नऊ वाजता कळलं की बिअर आमच्या सोलापूरकराची. बिचारा एकदम गप्प झाला, कारण त्याच्या स्वतःच्या घरची बाटली पण ठणठणीत होती.

एकच बॅच, एकाच केगमधून (धातूच्या पिंपातून) एकाच दिवशी भरलेली, आणि काही घरी बटर, काही घरी नाही. डोकं भंजाळायची वेळ आली. पहिला संशय अर्थातच इन्फेक्शनचा, कारण पेडिओकोकस नावाचा जीवाणू बटर देतो. पण पेडिओ असेल तर आंबटपणा हवा, आणि मी काकांकडून त्यांची उरलेली अर्धी बाटली आणून दोन्हींचा पीएच मोजला तर दोन्हीकडे ४.४. वाइल्ड यीस्ट म्हणावं तर लवंगेसारखा फिनॉलिक वास कुठेच नाही. बाटल्या अस्वच्छ म्हणाव्यात तर ज्याने भरल्या तो माणूस स्टार सॅन या जंतुनाशकाने स्वयंपाकघराचा ओटा पुसतो.

मग दोन्हींचा गॅस काढून ग्रॅव्हिटी घेतली (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तशी ती उतरते). काकांची १.०१३, माझी १.०१०. सगळं कोडं इथेच फिरलं. माझ्या बाटलीत पुन्हा फर्मेंटेशन झालं होतं! तीन पॉइंट (०.००३) ऐकायला किरकोळ वाटतात पण बंद बाटलीत त्याचा दीड व्हॉल्यूमहून (बिअरच्या दीडपट आकारमानाहून) जास्त सीओटू होतो, आधीचा अडीचच्या आसपास धरला तर चार, मग उसळेल नाही तर काय. (ज्यांच्याकडे ही बिअर अजून आहे त्यांनी ताबडतोब फ्रिजमध्ये टाका आणि उचलताना जाड हातमोजे घाला, हे ग्रुपवर सांगितलंय तरी इथेही सांगतो.) एकेकाला विचारत गेलो की क्रेट कुठे ठेवलं होतं. बटर लागलेल्या सगळ्यांनी हॉलमध्ये ख्रिसमस ट्रीखाली, हीटर चालू असलेल्या खोलीत ठेवलेलं. स्वच्छ लागलेल्यांनी फ्रिजमध्ये.

म्हणजे ऊब मिळाली की यीस्ट जागं झालं, कबूल. पण खायला साखर आली कुठून? सोलापूरकराचा एफजी, म्हणजे शेवटची ग्रॅव्हिटी, दहा दिवस १.०१३ वर ठाम होता, त्याने प्रायमिंग शुगर (बाटलीत गॅस यावा म्हणून घालतात ती साखर) घातलेलीच नव्हती, केगमध्ये कार्बोनेट करून मग भरलेल्या. उत्तर त्याच्या रेसिपीत होतं: फर्मेंटेशन संपल्यावर, कोल्ड क्रॅशच्या (बिअर एकदम गार करून गाळ बसवण्याच्या) जरा आधी, भरघोस ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये टाकलेले हॉप. हॉप क्रीप!

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकलाय पण होतं काय ते थोडक्यात लिहितो. हॉपच्या पाल्यात स्टार्च-डेक्स्ट्रिन तोडणारी एन्झाइम्स असतात. बॉइलमधल्या हॉप्सची उष्णतेने मरतात, ड्राय हॉपची जिवंत राहतात आणि बिअरमध्ये उतरतात. यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्स ती हळूहळू तोडतात आणि साध्या साखरा तयार होतात. यीस्ट त्या खातं, गॅस करतं, अल्कोहोल वाढवतं आणि जाता जाता अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर सोडतं, त्याचंच पुढे डायअ‍ॅसिटिल होतं. फर्मेंटरमध्ये यीस्ट भरपूर असतं, ते डायअ‍ॅसिटिल परत आत घेऊन साफ करतं. बाटलीत यीस्ट थोडं आणि थकलेलं, मग बटर तिथेच राहतं. आणि हॉपचे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) गाळून काढले तरी फरक पडत नाही, एन्झाइम बिअरमध्ये विरघळलेलीच असतात.

वाचलेल्यावर विसंबायचं नव्हतं म्हणून प्रयोग केला. माझ्याकडे केगमध्ये ड्राय हॉप न केलेली साधी ब्लाँड एल होती, १.०११ वाली. तीन बरण्या, प्रत्येकीत सारखीच बिअर आणि चिमूटभर यूएस-०५ यीस्ट. पहिलीत काहीच नाही. दुसरीत कॅस्केड हॉपचे पेलेट. तिसरीत तेवढेच पेलेट पण आधी उकळत्या पाण्यात भिजवून, म्हणजे एन्झाइम मेलेली (आणि पाणी तिन्हींमध्ये सारखं घातलं, नाहीतर रीडिंगला अर्थ राहिला नसता). तिन्हींना एअरलॉक आणि हॉलमधल्या हीटरजवळ मुक्काम. पहिली आणि तिसरी १.०११ ला जी बसली ती हललीच नाही. दुसरी १.००७! आणि मधल्या दिवसांत तिच्या तोंडाशी नाक नेलं की तेच बटर, जे पुढे यीस्टने बऱ्यापैकी साफ केलं. तिसऱ्या बरणीत हॉपचा वास होता, बटर नव्हतं. बायकोला डोळे मिटून तिन्ही हुंगायला दिल्या, तिने दुसरीवर बोट ठेवलं.

आणि गंमत बघा, ब्राऊन आणि मॉरिस या दोघांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलेलं की ड्राय हॉपमध्ये डायस्टेस (स्टार्च तोडणारं एन्झाइम) असतं आणि त्याने पिंपात पुन्हा फर्मेंटेशन होतं. मग शंभरेक वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही, कारण एवढं भरमसाट ड्राय हॉपिंग कोणी करतच नव्हतं. पुन्हा नीट अभ्यास झाला तो इथे कॉर्व्हॅलिसला, ओरेगन स्टेटमध्ये, आपल्यापासून दीड तासावर. कॅस्केड हॉपही तिथल्याच ब्रीडिंग प्रोग्रॅममधून १९७२ ला बाहेर आला. मी बरणीत तोच टाकला याचं मला फार बरं वाटतंय.

हत्यारांबद्दल एक. सोलापूरकराकडे तरंगणारं ब्लूटूथ हायड्रोमीटर आहे, आणि ड्राय हॉपनंतर त्यावर माझा विश्वास नाही. हॉपचा चोथा त्याला चिकटतो, ते तिरकं होतं आणि रीडिंग इकडचं तिकडे. फर्मेंटेशनचा कल बघायला उत्तम, पण बाटली भरायची का नाही हे ठरवायला साधं काचेचं हायड्रोमीटरच. रिफ्रॅक्टोमीटर तर अल्कोहोल आल्यावर करेक्शनशिवाय वापरूच नका.

बाकी बाटल्यांचं पटकन. ताईची कोकम गोझे (गोझे म्हणजे खारट-आंबट जर्मन बिअर) यंदाची राणी, माझ्या मते तरी. केटलमध्ये लॅक्टो जीवाणूंनी आंबवलेली, धणे ताजे कुटलेले, आणि आमसुलं रत्नागिरीहून आईने पाठवलेली. त्या आमसुलांत मीठ होतंच म्हणून तिने रेसिपीतलं मीठ निम्मं केलं आणि तिथेच बाजी मारली, नाहीतर गोझेत मीठ फार पटकन पुढे येतं. रंग असा की फॉइल काढल्यावर काका उठून उभे राहिले. अकरा नंबर मी डेशूट्स ब्रुअरीची ज्युबिलेल म्हणून बरोब्बर ओळखली, सुक्या मेव्यासारखा गडद माल्ट आणि तरी मागे पुरेसा कडवटपणा, १९८८ पासून दर हिवाळ्यात येते ती उगाच नाही. सिएरा नेवाडाची सेलिब्रेशन मात्र काकांनी पहिल्या घोटात सांगितली, मी अजून ग्लास फिरवतच होतो. केव्हाइक (नॉर्वेच्या पारंपरिक यीस्टची बिअर) कोणाची ते कोणालाच ओळखता आलं नाही, संत्र्याचा वास सगळ्यांनी हॉपच्या नावावर लिहिला!

आता पुढे काय. सोलापूरकर आणि मी मिळून तीच रेसिपी परत करतोय, इम्पीरियल कंपनीचं ज्यूस नावाचं यीस्टच घेणार, पण ड्राय हॉप फर्मेंटेशनला जोर असतानाच आणि मग घाई न करता उबेत ठेवायचं. ग्रॅव्हिटी थांबली की फोर्स्ड टेस्ट: एक बरणी ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास, दुसरी तशीच, गार करून दोन्ही हुंगायच्या, गरम केलेलीत बटर आलं तर अजून थांबायचं. थंडीत ड्राय हॉप करायचा पर्याय काकांनी सुचवला, पण त्यात एन्झाइम फक्त मंदावतात, बाटली कोणाच्या हॉलमध्ये गेली की पुन्हा तेच, म्हणून स्वॅपसाठी नको.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. अर्धी बॅच अशी आणि अर्धीत यीस्टबरोबरच एएलडीसी हे एन्झाइम घालायचं का? ते अ‍ॅसिटोलॅक्टेटचं थेट अ‍ॅसिटोइन करतं, डायअ‍ॅसिटिलची पायरीच गाळून. गॅसचा प्रश्न त्याने सुटत नाही, वाट बघावीच लागेल, पण चवीत फरक कळतो का ते बघता येईल. आणि मग पुढच्या स्वॅपला प्रत्येकाला तीन बाटल्या, दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी कोणती ते ओळखा. ट्रँगल टेस्ट! सोलापूरकराला आत्ताच मेसेज टाकला, त्याचं उत्तर आलं की फर्मेंटर दोन आहेत, हीटिंग बेल्ट एकच आहे. कोणाकडे जास्तीचा बेल्ट पडून असेल तर सांगा, आणि एएलडीसीची छोटी बाटली कुठे मिळते तेही, मला दिसली ती सगळी ब्रुअरीच्या मापाची पॅकिंग्ज आहेत.