पिस्तूल घ्यायला गेले आणि ग्रिप घासत बसले

मार्चमध्ये नेमबाजी शिकायला रेंजवर पहिल्यांदा गेले तेव्हा मोबाईलमध्ये सात पिस्तुलांचे फोटो होते. सरांनी एकही पाहिला नाही. म्हणाले, "ताई, दोन्ही हात पुढे करा, बोटांचा त्रिकोण करा आणि त्यातून तो पंखा बघा. आता एकेक डोळा मिटा." डावा मिटला की पंखा गायब! मी उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची निघाले. त्रेचाळीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

मॅच पिस्तुलाची, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची, लाकडी ग्रिप (मूठ) एकतर उजव्या हाताची येते नाहीतर डाव्या, त्यामुळे हे आधी ठरणं गरजेचं. रायफलवाल्यांचा असा डोळा निघाला तर खांदाच बदलायचा की काय, असा प्रश्न पडतो. पिस्तूल हात लांब करून धरायचं, म्हणून आमचं निभावतं. हात उजवाच ठेवला, डावा डोळा झाकला. झाकायचा, मिटायचा नाही. मिटला की उजव्यावरही ताण येतो. पट्टी ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही आणि काळ्यापेक्षा पांढरी बरी, कारण काळोखात बाहुली मोठी होते. मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून चष्म्याला अडकवलं. तो डबा अजून बिनझाकणाचा आहे आणि सासूबाई अजून विचारतात.

नव्यांपैकी बरेच जण परवान्याचं विचारतात, म्हणून थोडक्यात. .२२ किंवा .३२ बोअरच्या, म्हणजे खऱ्या गोळीच्या पिस्तुलाला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा. ठाणे शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयाची पायरी चढावी लागते. आपण शिकतो ते १० मीटर एअर पिस्तूल: छर्रा ४.५ मिमीचा, जोर पाच-सहा ज्यूल. परवान्याची रेषा २० ज्यूलवर आहे, आपण तिच्या खूप खाली. तरी पेटीला कुलूप आणि सोबत बिल हवंच. टीएमटीच्या बसमध्ये शेजारच्याने "यात काय आहे?" विचारलं की मी "खेळाचं सामान" म्हणते आणि खिडकीबाहेर बघते.

पहिल्या पाच खेपांना छर्राच मिळाला नाही. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता नुसता नेम धरून ट्रिगर ओढायचा. मी मनातून चिडले होते, इतक्या लांब येऊन भिंत बघायची! मग सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. नेम धरायला पिस्तुलावर दोन साइट असतात, पुढे एक उभी पट्टी आणि मागे एक खाच; त्यांच्यातलं अंतर साधारण ३२ सेंमी. हात सरळच्या सरळ १ मिमी बाजूला गेला तर छर्राही १ मिमीच बाजूला पडतो. पण पुढची साइट मागच्या खाचेत १ मिमी तिरपी झाली, तर १० मीटरवर तेच ३१ मिमी होतात. टार्गेटवरच्या दोन वर्तुळांमधलं अंतर ८ मिमी, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. हात हलतो याचं आपल्याला वाईट वाटत असतं, आणि मारतो मात्र मनगटाचा तिरपेपणा. त्या दिवसापासून टार्गेट धूसर आणि पुढची साइट कोरीव दिसायला लागली. टेनचं, म्हणजे दहा गुणांचं मधलं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं; ते धूसरच दिसलं तरी बिघडत नाही, हे पटायला महिना लागला.

पहिली दहा छर्ऱ्यांची सीरिज: शंभरपैकी ६१. त्यातले दोन छर्रे टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलाच्या बाहेर.

जूनमध्ये खरेदीचा विषय पुन्हा काढला. तोवर क्लबची तीन पिस्तुलं हाताळून झाली होती. स्वस्तातलं सीओटू पिस्तूल सरांनी ऐकूनच मोडीत काढलं: गॅस गार पडला की वेग बदलतो, ट्रिगर जड, मग चूक तुमची की त्याची हे कळणारच नाही. नवं परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या वर सहज जातं. तेव्हा जुनं. पहिला सौदा जवळजवळ झालाच होता. पिस्तूल चकचकीत, ट्रिगर बरोबर ५०० ग्रॅमच्या जोराला सुटणारा, किंमतही मनासारखी. सरांनी पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढून नुसता उलटा केला. घरच्या गॅस सिलिंडरवर तपासणीची तारीख असते ना, तशी यावरही असते. दोनशे बारची हवा भरायची असते आत. दहा वर्षांची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. नव्या सिलिंडरची किंमत मिळवली तर स्वस्ताई उरत नव्हती.

ऑगस्टमध्ये शेवटी जुनं स्टायर एलपी १० घेतलं, उजवी ग्रिप, मध्यम साइज. वजन किलोच्या आसपास. आता सुरू झाला सुतारकाम विभाग. अंगठ्याच्या बुंध्याशी फट राहत होती, तिथे एम-सील भरलं. करंगळीखाली टोचत होतं, तिथे कानस. घासायचं, दहा वेळा उचलायचं, पुन्हा घासायचं. डोळे मिटून हात वर केला आणि डोळे उघडल्यावर साइट आपोआप सरळ रेषेत दिसली तर ग्रिप बसली समजा. माझी दहातून सहा वेळा बसते. एका रविवारी इतकं घासलं की पुन्हा एम-सील भरावं लागलं.

एक शिस्त मात्र मोडायची नाही. छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. एकदा मी तशीच ठाण्याच्या ‘मामलेदार’ हॉटेलात मिसळ खायला निघाले होते. सरांनी दारातून परत बोलावून बेसिन दाखवलं, सगळ्यांसमोर.

गेल्या रविवारी पहिल्यांदा पूर्ण ६० छर्ऱ्यांची चाचणी दिली, ७५ मिनिटांत: सहाशेपैकी ४९७. सीरिज ८६, ८५, ८४, ८५, ८०, ७७. शेवटच्या वीसची वही उघडून पाहिली तर बहुतेक छर्रे खाली डावीकडे. म्हणजे खांदा दमल्यावर मी ट्रिगर ओढत नाही, हिसकते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत मनगट पडलेलं असतं. सरांनी दोन आठवडे छर्रे बंद केलेत. रोज घरी वीस मिनिटं ड्राय फायरिंग, शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक वेळी हात पंधरा सेकंद धरून ठेवायचा. हॉलमधली देवाच्या फोटोची भिंत मिळणार नाही, असं घरून आधीच बजावलंय. फ्रिजच्या बाजूची रिकामी आहे.