फ्लेक्सची पांढरी बाजू

वडील आश्विनात गेले आणि पौषात त्यांच्या जागी मी निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंडीत उभा राहिलो. पंचवटीतून त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटर. आषाढीला निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठणाऱ्यांना ही वारी अंगणातल्या फेरीसारखी वाटेल. वडील वर्षानुवर्षे या दिंडीत चालत, हे मला ठाऊक होते. ते सर्वांत मागे, सामानाच्या टेम्पोपुढे चालत, हे मात्र चोपदारांनी मला तिथे नेऊन उभे केले तेव्हा कळले. मला ते लागले. माझ्यासारख्या निवृत्त अधिकाऱ्याला निदान विणेकऱ्यांच्या जवळची ओळ मिळावी, असे मनात होते.

सातपूर, पिंपळगाव बहुला मागे पडले. वाटेवरच्या प्रत्येक मांडवावर हात जोडलेल्या पुढाऱ्याचा फ्लेक्स, आणि एका ठिकाणी तर छायाचित्र निघेपर्यंत केळे हातात धरून थांबावे लागले. रात्री मुक्कामी कीर्तनात गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानाची लक्षणे निघाली. त्या यादीत अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे, पहिले आणि जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दुःख ओळखणे त्यानंतरचे. विषय उत्तम होता. पण अमानित्वावर बोलण्याआधी बुवांच्या सत्काराला वीस मिनिटे गेली. मग मात्र हरिपाठ सुरू झाला आणि थंडीत टाळ धरलेली बोटे आपोआप सैल झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंजनेरीच्या अलीकडे माझा उजवा पाय टेकेना. टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता. दिंडी पुढे गेली. बाभळीखाली एक म्हातारे वारकरी फ्लेक्सचा तुकडा अंथरून बसले होते. त्यांनी न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, टोपीत खोचलेली सुई काढली, दोरा तेलात बुडवला आणि फोडातून आरपार ओवून दोन्ही टोके बाहेर ठेवून कापला.

“कातडं काढू नका, माउली. दोऱ्यावाटं पाणी जाईल. घाई केली तर चिघळतं.”

मी पाय मागे घेणार, तोच त्यांनी त्याच धुळकट पायाला हात लावून कपाळी नेला. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मी. शरमून उठलो, तेव्हा वाऱ्याने फ्लेक्सचे टोक उलटले. खाली कोणा मिशीवाल्या गृहस्थांचा चेहरा आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरे होती.

“बाबा, हे कोण?”

“काय ठाऊक. ऐन उन्हात बसायला जागा देतो बिचारा,” असे म्हणून त्यांनी टोक पुन्हा दाबून धरले.

पुढचे आठ-दहा किलोमीटर मी लंगडत चाललो, पण टाचेपेक्षा दुसरेच काही टोचत होते. वडिलांच्या दशक्रियेच्या वेळी रामकुंडाच्या वाटेवर मी दहा फुटी फ्लेक्स लावला होता. आयुष्यभर छायाचित्र काढताना मागच्या रांगेत सरकणारा तो माणूस वर, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून माझे नाव, हुद्द्यासकट. वडिलांच्या चेहऱ्याला डाग पडला आहे का, यापेक्षा माझ्या नावाची वेलांटी चुकली आहे का, हे मी आधी तपासले होते.

त्र्यंबकेश्वरी कुशावर्त कुंडावर गर्दी फार होती. पाय बुडवून निघालो. निवृत्तिनाथांच्या समाधीच्या रांगेत मात्र चार तास गेले. कार्तिकात ज्ञानदेव, मार्गशीर्षात सोपानदेव, वैशाखात मुक्ताई, आणि मग ज्येष्ठात स्वतः. १२९६-९७ च्या त्या सात-आठ महिन्यांत धाकट्या तिघांना पुढे जाऊ देऊन हा थोरला शेवटी गेला. ज्यांच्या नावाने ज्ञानदेवांनी आपली ओवी पूर्ण केली, ते गुरू असूनही धाकट्याच्या कीर्तीआड सुखाने राहिले. समाधीपुढे पोचलो, तेव्हा पहारेकऱ्याने “चला पुढे” म्हणत खांद्याला धक्का दिला आणि वडिलांचे नाव घ्यायचेच राहून गेले.

द्वादशीला घरी आंघोळीत दोरा सुटून हाती आला. दुपारी जिन्याखाली गुंडाळून ठेवलेला तो दहा फुटी फ्लेक्स बाहेर काढला. वडिलांच्या सायकलीवर झाकण घालायला आईला काही तरी हवेच होते. तिने तो सायकलीवर पसरला, दोन्ही बाजू निरखल्या आणि मला विचारले, “चेहरा आत ठेवू की बाहेर?”