आमची वाटचाल : दोन कागद, एकच ओळ

सांगलीत पतसंस्था, दूध संस्था आणि दुकानदारांचे डेटाबेस सांभाळायचं काम आम्ही २००९ साली सुरू केलं. पुढची काही वर्षं सुरळीत गेली. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, वाढल्या, माणसं वाढली. सांगायचं आहे ते २०१६ चं.

त्या वर्षी एका पतसंस्थेच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये कोणीतरी बाहेरून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युझर, म्हणून शिरलं आणि खात्यांची टेबलं उडवून गेलं. एएमसी आमची, त्यामुळे बोट आमच्याकडे. रूटचा पासवर्ड आधीच्या व्हेंडरने ठेवलेला, तो त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच कोरलेला. बदलला की काउंटर बंद. हे आम्ही संचालकांना लेखी कळवलं होतं. त्याच व्हेंडरने मात्र गावभर सांगितलं की आमच्या पोरांनी पासवर्ड फोडला. बघता बघता निम्म्या एएमसी गेल्या. पोरांचे पगार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून केले.

तेव्हा पाठीशी उभे राहिले एका दूध संस्थेचे सचिव. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. सॉफ्टवेअर त्यांच्याकडेही त्याच व्हेंडरचं. ते म्हणाले, "बोलू नका, कागदावर दाखवा."

दोन्ही संस्थांच्या परवानगीने दोन्ही सर्व्हरवरच्या युझर टेबलमधली रूटची ओळ छापली. एक चांदणी आणि पुढे चाळीस अक्षरं. हा पासवर्डचा हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारं त्याचं रूप. तात्यांनी पट्टी लावून एकेक अक्षर ताडून पाहिलं. शेवटपर्यंत सारखं. मायएसक्यूएलच्या जुन्या नेटिव्ह पासवर्ड पद्धतीत शा-वन हे हॅश काढायचं गणित दोनदा चालतं, पण सॉल्ट, म्हणजे दर पासवर्डात मिसळायची वेगळी अक्षरं, नसतो. म्हणून पासवर्ड एक तर हॅशही एक. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड, तोही फर्मचं नाव आणि पुढे साल. नुसत्या हॅशवर इथे लॉगिन होत नाही, पण साध्या ग्राफिक्स कार्डावर भराभर अंदाज ताडून पाहिले तरी असला पासवर्ड तग धरत नाही. शिवाय त्यांची माणसं दर भेटीत सगळ्या डेटाबेसांचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, पेनड्राइव्हवर न्यायची. त्यात युझर टेबलही जातं. एक पेनड्राइव्ह हरवला की सगळ्या संस्था उघड्या.

तात्यांनी ते कागद पतसंस्थेच्या संचालकांपुढे ठेवले आणि तिथेच विषय मिटला. व्हेंडरने आजतागायत शब्द मागे घेतलेला नाही. हे मी विसरलेलो नाही.

या धंद्यातल्या नव्या पोरांना सांगतो. कमांडमध्येच पासवर्ड लिहू नका, तो हिस्टरीत राहतो. माय डॉट सीएनएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये तो उघडाच असतो, निदान परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकालाच उघडता येईल. पासवर्ड झाकून ठेवणाऱ्या मायलॉगिन डॉट सीएनएफवर विसंबू नका. ती नुसती झाकपाक आहे, किल्ली त्याच फाइलमध्ये असते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जुन्या एमडी-फाइव्ह हॅशचे युझर असतील तर आधी त्यांची ती पद्धत बदला, कारण तिथे चोरलेला हॅशच लॉगिनला पुरतो. स्क्रॅम ही जास्त सुरक्षित पद्धत तिथे २०१७ पासून, म्हणजे १० व्या आवृत्तीपासून आहे. आता सबब नको.

आमची बहुतेक गिऱ्हाइकं मायएसक्यूएल ८.० वर आहेत. त्यात कॅशिंग शा-टू ही नवी पासवर्ड पद्धत, वेगळा सॉल्ट, मुळातच हॅशच्या पाच हजार फेऱ्या. ८.४ मध्ये नेटिव्ह पासवर्ड आपोआप चालू नसतो आणि ९.० मधून तो काढूनच टाकलाय. ज्यांचं बिलिंग अजून डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या कनेक्टरवर आहे त्यांनी अपग्रेडआधी आम्हाला कळवावं. तात्यांच्या संस्थेचं काम या दिवाळीआधी घेतलंय.