पंचगंगा पातळी ॲप, नोंद ११ : एकूण पाच नव्हे, प्रत्येकी पाच

पहिलं पान एकदाचं उभं राहिलं. पंचगंगेवरचे सात बंधारे एकाखाली एक: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. प्रत्येकापुढं पाणीपातळीच्या शेवटच्या पाच नोंदी, म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय ते एका नजरेत कळावं. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात दिवसरात्र हाच एक प्रश्न होता. म्हणून हे पान मला नीटच हवंय.

आबांना दाखवलं. आमची आत्या शिरोळला, त्यामुळं ते थेट शेवटच्या ओळीवर गेले. "आरं, शिरोळपुढं कायच नाही की." खरंच नव्हतं. राजारामपुढं पाचच्या पाच नोंदी आणि बाकीचे सहा कोरे.

तासभर मी नोंदी भरताना काही चुकलं का ते बघत बसलो. नोंदी जागच्या जागी होत्या. ॲप लाराव्हेलवर, म्हणजे पीएचपी भाषेतल्या एका फ्रेमवर्कवर बांधलंय. इगर लोडिंग करताना, म्हणजे सगळ्या बंधाऱ्यांच्या नोंदी एकदमच मागवताना, ते बंधाऱ्यागणिक वेगळी क्वेरी (डेटाबेसकडची मागणी) मारत नाही. सातही बंधाऱ्यांचे आयडी 'व्हेअर इन' (यांपैकी कोणताही) या अटीत घालून सगळ्या नोंदी एकाच क्वेरीत आणतं आणि मग ज्याच्या त्याला वाटून देतं. मी लावलेलं 'लिमिट ५' (फक्त पाच ओळी दे) त्या एका क्वेरीला लागलं. माझ्याकडं राजारामच्या नोंदी तासाला एक आहेत, इतरांच्या दिवसाला दोन. वेळेच्या उलट क्रमानं वरच्या पाच घेतल्या की सगळ्या राजारामच्याच निघणार. मला हवे होते प्रत्येकी पाच, डेटाबेसला सांगितले एकूण पाच.

लूप फिरवून सात वेगळ्या क्वेऱ्या मारल्या तर पान बरोबर येतं, पण इगर लोडिंग ज्यासाठी घेतलं तेच जातं. सगळ्या नोंदी आणून पीएचपीत कापणं त्याहून वाईट: ३५ ओळी दाखवायला तीन पावसाळ्यांच्या साडेसहा हजार ओळी मेमरीत.

उत्तर विंडो फंक्शनमध्ये आहे, म्हणजे ओळींचे गट पाडून गटागटानं हिशोब करायच्या डेटाबेसच्या सोयीत. 'रो नंबर'ला 'पार्टिशन बाय' बंधारा आणि 'ऑर्डर बाय' वेळ उलटी असं सांगितलं की प्रत्येक बंधाऱ्याच्या नोंदींना एकपासून नव्यानं क्रमांक पडतात. बाहेरच्या क्वेरीत पाचपर्यंतचे ठेवायचे. लाराव्हेल ११ पासून (मार्च २०२४) नात्यावरचं (बंधारा आणि त्याच्या नोंदी जोडणाऱ्या कोडवरचं) लिमिट फ्रेमवर्क स्वतःच असं लिहितं. मी १० वर होतो, त्यात वेगळं पॅकेज घ्यावं लागे. आवृत्ती चढवली, नात्याच्या कोडची एक ओळही बदलली नाही, आणि सातही बंधारे भरले. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी आवृत्ती तपासा, विंडो फंक्शनं ३.२५ पासून आहेत. नुसती शेवटची एकच नोंद हवी असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही, लाराव्हेलचं 'लेटेस्ट ऑफ मेनी' पुरतं.

दोन गोष्टी अनुभवानं कळल्या. एकाच वेळेच्या दोन नोंदी असल्या की पाचवी कोणती येईल याचा भरवसा नाही. वेळेनंतर आयडीचाही क्रम लावा. आणि गाळणी कुठं बसते ते बघा. इशारा पातळीच्या, म्हणजे राजारामला ३९ फुटांच्या, वरच्या शेवटच्या पाच नोंदी हव्या असतील तर ती अट क्रमांक पडण्याआधी लागली पाहिजे. मी ती आणलेल्या नोंदींवर लावली आणि कुठं दोन, कुठं शून्य आलं.

रो नंबर आधी सगळ्या ओळींना क्रमांक देतो, मग पाचाच्या पुढच्या टाकून दिल्या जातात. माझ्या साडेसहा हजारांना त्याचं काही नाही. लाखोंत गेलात तर पोस्टग्रेस डेटाबेसमधला (किंवा मायएसक्यूएल ८.०.१४ पासूनचा) लॅटरल जॉइन, म्हणजे प्रत्येक बंधाऱ्यासाठी आतली क्वेरी चालवणारा जोड, बघाच: इंडेक्स (शोधायची सूची) बंधारा आधी, मग वेळ असा असला की प्रत्येकी पाच उचलून तो तिथंच थांबतो. एसक्यूलाइटमध्ये लॅटरल नाही.

पुढच्या नोंदीत फूट-इंचांचं बघतो. पातळी मजकूर म्हणून साठवलीय, ती इंचांत आणायचीय: ३९ फूट म्हणजे ४६८, धोक्याचे ४३ म्हणजे ५१६. आबांनी काल रात्री शिरोळच्या पाचही नोंदी बोट ठेवून वाचल्या आणि आत्याला फोन लावला.