दोन रंगांचं मुखपृष्ठ

शाळेच्या समितीचं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसात एका औषधाच्या खोक्याची फाइल तपासत होतो. 'शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, साधारण आठशे शब्द' एवढाच मजकूर. काम तिथंच थांबलं. मैदान, स्नेहसंमेलन, सहली यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मला फक्त ड्रॉइंगच्या सरांबद्दल लिहायचं आहे. त्यांचं नाव घालत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही.

१९८२ ची दिवाळी होऊन शाळा नुकतीच भरली होती. मी नववी ब मध्ये. तोवर आपल्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ प्रेसवालेच करायचे. सरस्वतीचा तयार ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, आणि खाली शाळेचं नाव, दर वर्षी तेच. त्या वर्षी सरांनी ठरवलं की चित्र, अक्षरं, ब्लॉक सगळं मुलं करतील. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण दोनच रंगांची. ट्रेडल मशीनवर प्रत्येक रंगासाठी सगळे कागद पुन्हा एकेक करून घालावे लागत, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. प्रती सहाशे होत्या.

सरांनी आधी चित्र काढायला लावलंच नाही. चित्रकलेच्या खोलीत लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांची पुठ्ठ्याची फाइल असायची, ती काढली. जुन्या मासिकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची होती, मुळगावकरांची होती, सरवट्यांच्या रेषेतली होती. 'किर्लोस्कर'ची तर सर फार अभिमानाने दाखवत, कारण किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. १९२० साली तिथल्या कारखान्यातून मासिक निघालं आणि ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, हे मी प्रथम सरांकडूनच ऐकलं. प्रत्येक मुखपृष्ठ समोर धरून सर एकच प्रश्न विचारायचे, "आधी कुठं नजर गेली?" आम्ही सांगायचो. मग, "आणि तिथून कुठं?" तीन दिवस नुसतं हेच चाललं होतं.

मग काड्यापेटीएवढ्या बारा चौकटी आखायला सांगितल्या आणि प्रत्येकीत वेगळं मुखपृष्ठ. एवढ्याशा जागेत नक्षीकाम करता येत नाही, मांडणीच करावी लागते. मी बाराच्या बारा चौकटींत शाळेची इमारत काढली, कधी समोरून, कधी चिंचेच्या आडून. सरांनी कागद परत दिला. "इमारत रोजच दिसते. डोळे मिटून शाळा आठव, काय येतं समोर?" मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा टोल ऐकू आला. ऑफिससमोर टांगलेला रुळाचा तुकडा आणि शिपाईमामांच्या हातातली हातोडी. तेच काढलं. सर म्हणाले, "मोठं कर. अजून मोठं. कागदाबाहेर जाऊ दे." रुळाचा वरचा भाग चौकटीने कापला गेला आणि तो एकदम जड दिसायला लागला. पुढं चित्र पूर्ण आकारात झाल्यावर सरांनी ते व्हरांड्याच्या पार त्या टोकाला स्टुलावर उभं केलं आणि आम्हाला या टोकाला आणलं. "इथून कळतंय का?" हातोडी कळत नव्हती. पुन्हा काढली.

दोन रंग म्हणून मी खट्टू झालो होतो. सरांनी पिवळ्या शाईवर निळी शाई बोटाने ओढून दाखवली, मधे गडद हिरवा आला. "पिवळा, निळा, हा हिरवा, आणि कागदाचा पांढरा. चार झाले की. कागदाचा रंग फुकटचा असतो, तो वाया घालवायचा नाही." आज खोक्यांच्या छपाईत मी रोज जे करतो त्याचा अर्धा भाग या वाक्यात आहे.

ब्लॉक लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरायचा होता. लिनो सरांनी स्वतःच्या पैशाने आणला होता. थंडीत तो कडक व्हायचा, म्हणून तासभर खिडकीत उन्हात ठेवायचा आणि मऊ झाला की घ्यायचा. कोरायची हत्यारं सरांनी मोडक्या छत्रीच्या काड्यांची केली होती. पन्हळीसारखी काडी टोकाला घासली की सुरेख खाच पडते. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर मी कोरत होतो.

पहिला छाप काढायला सर मला प्रेसमध्ये घेऊन गेले. निळी शाई चकतीवर फिरली, मशीन एकदा मिटलं, उघडलं, आणि कागद माझ्या हातात आला. रूळ उत्तम उठला होता. अंकाचं नाव उलटं होतं. अक्षरं बटर पेपरवर काढून तो लिनोवर पालथा घालायचा असतो, मी सुलटाच ठेवून अक्षरं उतरवली होती. दुसऱ्या वेलांटीची पहिली झाली होती. चित्राला उलटसुलट नसतं, त्यामुळे मलाही इतके दिवस कळलं नव्हतं. माझ्या पायांतलं बळ गेलं.

त्याच वेळी मुख्याध्यापक प्रूफ बघायला प्रेसमध्ये आले. सर पुढं झाले आणि म्हणाले, "माझ्याकडून तपासायचं राहिलं. उद्या संध्याकाळी देतो." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अक्षरं जुळवणारे कंपोझिटरकाका म्हणाले, जाहिरातींचे लाकडी मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, आहेत, त्यात नाव जुळवून देतो, दहा मिनिटांचं काम. ते सोयीचं होतं. सर नको म्हणाले. "अक्षरं पोराचीच राहतील."

त्यांनी लिनोवरची नावाची पट्टी ब्लेडने सरळ कापून काढली आणि उरलेल्या लिनोचा तेवढाच तुकडा माझ्यापुढं ठेवला. प्रेसच्या भिंतीवर दाढीचा आरसा होता, तो काढून तुकड्याशेजारी उभा केला. "आता आरशात वाचत कोर." रात्री साडेनऊपर्यंत मी कोरत होतो. सर समोर बसून होते. हातातून एकदाही हत्यार घेतलं नाही. त्यांनी दोन मिनिटांत केलं असतं. शेवटी कंपोझिटरकाकांनी तो तुकडा दिव्याखाली धरला आणि उलट्या अक्षरांवरून आरशाशिवाय घडाघडा नाव वाचलं. मग लाकडावर चिकटवून, खाली कागदाच्या घड्या घालून तो खिळ्यांच्या उंचीला आणला. अंक वेळेवर निघाला.

पुढं मी कमर्शियल आर्ट केलं. गेली तीस वर्षं पुण्यात छपाईच्या आधीची कामं बघतो, वेष्टनं, पुस्तकं, चार-पाच दिवाळी अंकही. हाताखाली चौदा मुलं आहेत. नवीन आलेल्याला मी आधी संगणक देत नाही, काड्यापेटीएवढ्या बारा चौकटी काढायला देतो.

दोन वर्षांपूर्वी शाळेत आलो होतो. चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आहेत, ते हवेतच. पण कपाट दिसलं नाही, आणि फाइलचं काय झालं हे कुणाला सांगता आलं नाही. अलीकडचे वार्षिक अंक पाहिले. मुखपृष्ठावर समारंभांचे फोटो आहेत, एकात मी तेवीस मोजले. मुलांच्या हातचं काही नाही. वाईट वाटलं. समितीला माझी विनंती आहे, पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ नववीतल्या मुलांना द्या. मी चार शनिवार येईन, लिनो आणि हत्यारं मी आणतो.

सर गेले तेव्हा मी बाहेरगावी होतो, भेट राहून गेली. मागच्या महिन्यात समितीच्या बैठकीत १९९३ च्या बॅचची एकजण भेटली. बोलताबोलता म्हणाली, "सर दर वर्षी नववीला टेबलाच्या खणातून लिनोची एक पट्टी काढून दाखवायचे, सुलटी अक्षरं कोरलेली. छापल्यावर ही उलटी येतात, म्हणून आधी आरशात बघा, असं सांगायचे. कुणी कोरली म्हणून विचारलं तर म्हणायचे, एका चांगल्या मुलानं."

दहा वर्षं त्यांनी माझं नाव सांगितलं नव्हतं. पट्टी माझी होती.

(माजी विद्यार्थी, शालान्त परीक्षा मार्च १९८४)