एक काडी, एक दाणा आणि ओळंबा

सातवी-आठवीच्या मुलांना एकाच पुस्तकातून भाषा आणि विज्ञान दोन्ही शिकवायचं असेल, तर पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते: विज्ञान काढून घेतलं तर कथानक कोसळतं का? कोसळत नसेल, तर ते विज्ञान नुसतं सजावटीचं आहे. ज्यूल व्हर्नची ‘मिस्टीरियस आयलंड’ (1874-75) या कसोटीला पूर्ण उतरते. बलूनमधून ओसाड बेटावर पडलेली पाच माणसं, जवळ हत्यारं नाहीत. पुढची प्रत्येक गोष्ट त्यांना कुणाच्या तरी ज्ञानातूनच मिळवावी लागते.

पुस्तक जाडजूड आहे, म्हणून पहिल्या भागातली पाच, नऊ, दहा, चौदा आणि वीस ही प्रकरणं पुरे. मराठी संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल, तर चौदाव्या प्रकरणातली मापं तिच्यात शिल्लक आहेत का ते आधी बघा. संक्षेप करताना नेमके आकडे गाळले जातात आणि मग प्रयोगाला आधारच उरत नाही. या पाचांतल्या इंजिनिअरचं नाव काही इंग्रजी भाषांतरांत सायरस हार्डिंग आहे, मूळ फ्रेंचमध्ये सायरस स्मिथ. वर्गात दोन वेगळ्या प्रती आल्या तर यावरून गोंधळ होतो.

पहिलं वाचन सलग, मोठ्याने. मध्ये थांबून काडीतला फॉस्फरस म्हणजे काय ते सांगत बसू नका. पाचव्या प्रकरणात खलाशी पेनक्रॉफला जाकिटाच्या अस्तरात आगपेटीची एकच काडी सापडते, ती ओढताना त्याचा हात थरथरतो आणि शेवटी तो ती पोरगेल्या हर्बर्टच्या हाती देतो. हा ताण मुलांच्या अंगावर येऊ द्या, स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी.

पुढे ती आग विझते, लाकडं घासूनही पेटत नाही. मग इंजिनिअर दोन घड्याळांच्या काचा जोडतो, मध्ये पाणी भरतो, कडा मातीने लिंपतो आणि उन्हात वाळकं शेवाळ पेटवतो. वर्गात हे करताना दोन सारख्या वॉच ग्लास (प्रयोगशाळेतल्या उथळ, वाटीसारख्या गोल काचा) बादलीतल्या पाण्याखालीच जोडा आणि प्लॅस्टिसिनने कडा बंद करा. बाहेर भरलं तर बुडबुडा राहतो, तो वर सरकतो आणि तिथून प्रकाश विखुरतो. दोन्ही बाजू सारख्या वक्र असतील तर पाण्याच्या भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं) वक्रता त्रिज्येच्या, म्हणजे काच ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या त्रिज्येच्या, सुमारे दीडपट येतं. 4 सेंमी व्यासाची, मध्यभागी 3 मिमी फुगीर काच घेतली तर ते साधारण 10 सेंमी होतं. आधी खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून अंतर मोजा, मगच उन्हात जा. भिंगातून सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, शेजारी पाण्याची बादली हवी.

आता भाषेचा प्रश्न: दोन्ही वेळा आग पेटते, मग एकीचं वर्णन श्वास रोखायला लावणारं आणि दुसरीचं चटकन उरकलेलं का? मुलं वाक्यं मोजून, क्रियापदं काढून उत्तर देतात. नशिबाची आग आणि अकलेची आग यांतला फरक लेखकाने लयीतून दाखवला आहे, हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

चौदावं प्रकरण मला सगळ्यात प्रिय. कड्याची उंची मोजायला सायरस 12 फुटांची काठी 2 फूट वाळूत रोवतो (वर उरते 10 फूट), ओळंब्याने, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाने, सरळ करतो आणि जमिनीवर आडवा पडून काठीचं टोक व कड्याचा माथा एका रेषेत आणतो. डोळ्यापासून काठी 15 फूट, कडा 500 फूट, म्हणजे उंची 333 फूट. समरूप त्रिकोण दहावीत येतात, पण समप्रमाण सातवीलाही कळतं. गावातल्या पाण्याच्या टाकीवर करून बघा. जमिनीवर 2 मीटर काठी, डोळ्यापासून काठी 3 मीटर, टाकी 24 मीटर, तर उंची 16 मीटर. इथे 3 ऐवजी 2.9 मोजलं की उत्तर अर्ध्या मीटरहून जास्त चुकतं. काठी टाकीकडे 5 अंश कलली तर जवळपास एक मीटर जास्त येतं. त्यामुळे ओळंबा शोभेचा नाही, हे दोन गटांची उत्तरं जुळेनात की लगेच पटतं. डोळा जमिनीलगत ठेवायचा कंटाळा करून मुलं बसून बघतात, ही दुसरी नेहमीची चूक. टाकीच्या पायथ्याची जमीन उंचसखल असेल तर जागा बदला.

व्हर्नच्या चुकाही वर्गात आणाव्यात. दक्षिण पॅसिफिकमधल्या एकाच बेटावर ओरांगउटान, कांगारू आणि जॅग्वार! नकाशावर प्रत्येकाचं मूळ ठिकाण दाखवायला लावा: बोर्निओ-सुमात्रा, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनी, अमेरिका. लेखकाने असं का केलं असेल, यावर चांगली चर्चा होते.

विसाव्या प्रकरणात हर्बर्टच्या जाकिटाच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा निघतो. पुन्हा अस्तरच! बारकाईने वाचणारी मुलं हे पकडतात. सायरसचा हिशोब असा: एका दाण्याच्या 10 ओंब्या, ओंबीत 80 दाणे, म्हणजे 800. दुसऱ्या पिकाला 6,40,000, तिसऱ्याला 51 कोटींवर. नोव्हेंबरात मोठ्या कुंडीत एकेकच दाणा पेरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या), ओंब्या आणि दाणे मोजा. दाटीत पेरलं तर फुटवे कमी फुटतात आणि तुलना फसते. दाणे भरताना चिमण्या येतात, जाळी आधीच बांधा. मिळालेला आकडा 800 च्या जागी घालून हिशोब पुन्हा करायचा आणि सायरसचा तो परिच्छेद नव्या आकड्यांनी, त्याच्याच ठाम आवाजात, लिहून काढायचा.