तारेला बांधलेलं विमान कशाला?

मैदानावर हमखास येणारा प्रश्न: रिमोटवर मोकळी उडणारी विमानं मिळतात, मग तुम्ही हे तारेला बांधलेलं, तुमच्याभोवती गोल फिरणारं मॉडेल विमान कशाला उडवता? आणि तेही बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

रिमोटचं विमान डोळ्यांनी उडवावं लागतं, कंट्रोल लाइनचं, म्हणजे हे तारेवरचं, हाताला कळतं. हँडलपासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या पोटातल्या बेलक्रँकला, म्हणजे खिळीवर फिरणाऱ्या छोट्या पट्टीला, जोडलेल्या असतात. मनगट मागे कललं की वरची तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, त्याला जोडलेली दांडी (पुशरॉड) सरकते आणि शेपटीचा एलेव्हेटर, म्हणजे विमान वर-खाली नेणारी हलती फळी, वर होतो. मध्ये बॅटरी नाही, सिग्नल नाही. सव्वा किलोचं विमान 18 मीटरच्या तारांवर ताशी 80 किलोमीटरने फिरत असेल, तर हाताला साधारण साडेतीन किलोचा ओढा लागतो आणि फेरी पाच सेकंदांत पुरी होते. वाऱ्याचा झोत आला की विमान हललेलं दिसण्याआधी हा ओढा बदलतो. मला वेड आहे ते याचं. (चक्कर येते का, हेही विचारतात. नजर विमानावरच ठेवली तर सहसा येत नाही.)

हा प्रकार लोकप्रिय केला अमेरिकेतल्या ऑरेगनच्या जिम वॉकरने, 1940 च्या सुमारास, त्याच्या 'फायरबॉल' विमानाने. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधून गेलेल्या पुष्कळांनी हँडल पहिल्यांदा धरलं ते तिथे. मीही त्यातलाच.

आता बायप्लेन. तारा ताठ असतील तोवरच विमान आपलं. ढिल्या पडल्या की एलेव्हेटर ऐकत नाही. म्हणून इंजिन किंचित वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला वळवून बसवतात, बाहेरच्या पंखाच्या टोकात शिसं घालतात. एका पंखाच्या विमानात एवढ्यावर बहुतेक भागतं. बायप्लेनमध्ये वरच्या पंखामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो. तारा खालच्या पंखातूनच बाहेर काढल्या, तर ओढा गुरुत्वमध्याच्या खाली लागतो आणि विमान माथ्याने बाहेर झुकून उडतं. सरळ उडताना ते चालून जातं. पण उलटं केलं की तेच विमान आत झुकतं आणि तार सुटल्यासारखी वाटते.

यावर माझा उपाय असा, की तारा ज्यातून बाहेर पडतात तो गाइड दोन पंखांना जोडणाऱ्या, माझ्याकडच्या बाजूच्या खांबावर (स्ट्रटवर) बांधायचा, तोही वरखाली सरकवता येईल असा. मग इंजिन, चाकं, टाकी सगळं बसवून विमान त्याच तारांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं. समोरून बघितलं की दोन्ही पंख ओळंब्याला समांतर दिसले पाहिजेत आणि बाजूने बघितलं की नाक जरासं खाली. गाइड दोन-तीन मिलिमीटर सरकवला तरी फरक डोळ्यांना दिसतो. हे काम मी कधीच उरकत नाही. बाल्साचं हलकं लाकूड घासण्यापेक्षा, पंखांवरच्या टिश्यू कागदावर डोपचे (तो ताणून घट्ट करणाऱ्या लेपाचे) हात देण्यापेक्षा मला तेच जास्त आवडतं. दोन्ही पंखांचे कोन जुळवायला शेपटीपासून टोकांपर्यंत दोरा ताणून मापतो, तेव्हाच स्ट्रटच्या पियानो वायरवर (कडक पोलादी तारेवर) तांब्याची तार गुंडाळून सोल्डरचा डाग देतो.

बायप्लेनला हवेचा अडथळा जास्त. त्यामुळे डाइव्हमध्ये, म्हणजे खाली सूर मारताना, ते बेफाम पळत नाही, लूप (उभ्या गिरक्या) छोटे आणि एकसारख्या वेगाने होतात. पण इंधन संपून इंजिन थांबलं की वेगही झपाट्याने जातो. लगेच नाक थोडं खाली धरायचं, एक पाऊल मागे घेऊन तार ताठ करायची आणि चाकं टेकवायची. अजून एक फेरी मारून उतरू, हा विचार इथे चालत नाही.

"मला जमेल का?" असंही विचारता. जमेल. पण सुरुवात एका पंखाच्या दणकट विमानावर करा. विजेच्या तारांपासून लांब असलेलं मैदान निवडा, हँडलचा पट्टा मनगटात अडकवा. मनगट घट्ट धरून सगळा हातच खांद्यातून हलवा. नवखा माणूस मनगट वळवतो आणि विमान उड्या मारायला लागतं. पहिल्या फेऱ्यांना मी मागे उभा राहून हात धरतो.